पैसा त्यांचा, तत्त्वंही त्यांचीच

गुंतवणूक सल्लागाराकडे नवं कुटुंब आलं की पहिला कागद पुढे येतो तो जोखीम क्षमतेचा. वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, बाजार वीस टक्के पडला तर काय कराल. सेबीच्या २०१३च्या नियमांनी नोंदणीकृत सल्लागाराला ही तपासणी बंधनकारक केली आहे आणि ती झालीच पाहिजे. पण त्या कागदावरून माणूस किती नुकसान सोसेल एवढंच कळतं. तो पैसा कशासाठी जमवतोय आणि कोणत्या धंद्याला आपला पैसा लागू नये असं त्याला वाटतं, याचा त्यात पत्ता नसतो.

याचा परिणाम पाहा. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारी एखादी डॉक्टर दिवसभर तंबाखूने केलेली हानी डोळ्यांनी पाहते आणि दर महिन्याला तिची एसआयपी निफ्टी ५० इंडेक्स फंडात जमा होते. त्या फंडातल्या शंभर रुपयांपैकी गेल्या काही वर्षांत साधारण तीन-चार रुपये आयटीसीत राहिले आहेत, आणि आयटीसीच्या नफ्याचा मोठा भाग अजूनही सिगारेटमधून येतो. तिने एलआयसीची पॉलिसी घेतली असेल तर तिथेही तेच; आयटीसीचे सुमारे १५ टक्के शेअर एलआयसीकडे आहेत. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा का गुंतवावा, असा सवाल करणारी जनहित याचिका २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. आता या डॉक्टरबाईंना हे सगळं चालणार असेल, तर तो त्यांचा निर्णय. पण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. ते विचारणं सल्लागाराचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. विमा, करबचत, निवृत्तिनिधी यांच्याइतकंच ते मूळ कामात मोडतं.

विचारायचं कसं, इथे बरेच जण अडखळतात. ‘तुमची जीवनमूल्यं कोणती?’ असं थेट विचारलंत तर प्रामाणिकपणा, कुटुंब, शिस्त अशी शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी उत्तरं मिळतील. अमेरिकी नियोजनकार जॉर्ज किंडर यांचे तीन प्रश्न या व्यवसायात बरेच वापरले जातात. पैसा पुरेसा असता तर कसे जगला असता? डॉक्टरांनी पाच-दहा वर्षंच हातात आहेत असं सांगितलं तर काय बदलाल? आणि एकच दिवस उरला असेल, तर काय राहून गेलं असं वाटेल? प्रश्न खोल आहेत, त्यांचा उपयोगही होतो. पण आपल्याकडे पहिल्याच भेटीत दुसरा-तिसरा प्रश्न काढला तर घरातलं वडीलधारं माणूस ‘असं अभद्र कशाला बोलायचं’ म्हणून विषय तिथेच तोडेल. मरणाची गोष्ट मृत्युपत्राच्या वेळी आपोआप निघते, तोवर धीर धरावा.

पहिल्या बैठकीत घडून गेलेल्या गोष्टी विचारा. गेल्या वर्षात कोणता खर्च केल्यावर बरं वाटलं? कोणता केल्यावर रुखरुख लागली? घरात पैशावरून शेवटचा वाद कशावरून झाला? आईवडिलांची पैशाबाबतची कोणती सवय तुम्ही उचललीत आणि कोणती मुद्दाम टाकलीत? कशासाठी कधीच कर्ज काढणार नाही? या प्रश्नांना माणसं विचार करून उत्तरं देतात, कारण उत्तर आठवणीत असतं. नवरा-बायको दोघांना समोर बसवा आणि प्रत्येकाला आधी एकेका चिठ्ठीवर लिहायला सांगा. नाहीतर एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. ही मान बहुतेक वेळा बाईची असते. तिची उत्तरं वेगळी असतात, हे चिठ्ठ्या उघडल्यावरच कळतं.

बोलण्यानंतर बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागून घ्या. ते शेजारी ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. ‘मुलांचं शिक्षण सगळ्यात महत्त्वाचं’ म्हणणाऱ्या घरात गाडीचा हप्ता शिक्षणनिधीच्या तिप्पट असू शकतो. ‘आम्ही काही दानधर्म वगैरे करत नाही’ म्हणणारे गृहस्थ दर जूनमध्ये गावच्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांचे पैसे यूपीआयने पाठवत असतात. इथे फार जपून वागायला हवं. स्टेटमेंट दाखवून ‘तुम्ही म्हणता एक आणि करता एक’ असा उलटतपास घेतला तर माणूस परत येणार नाही. ‘यातल्या कोणत्या ओळी पुढच्या वर्षी मोठ्या दिसायला हव्यात?’ एवढंच विचारा. मोठ्या व्हायला हव्यात त्या ओळी तो स्वतःच दाखवतो, आणि कुठल्या छोट्या होतील हेही बहुधा तोच बोलून जातो.

यानंतर गुंतवणुकीतली वर्ज्यं ठरवायची. हा भाग तांत्रिक आहे, आणि सर्वांत जास्त ढिसाळपणाही इथेच होतो. क्लायंटने ‘मला दारूत पैसा नको’ म्हटलं की हातातला एखादा ईएसजी फंड पुढे करून मोकळं होणं सोपं असतं. पण ईएसजी हे नाव एकाच गोष्टीला लागत नाही. सेबीने जुलै २०२३मध्ये अशा योजनांचे सहा प्रकार ठरवून दिले. काही योजना विशिष्ट उद्योग वगळतात. काही कंपनीचं मूल्यमापन करताना पर्यावरण, समाज आणि कारभार यांचे मुद्दे विचारात घेतात, पण कुठलाच उद्योग सरसकट टाळत नाहीत. काही प्रत्येक क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या निवडतात, तर काही आज प्रदूषण करणाऱ्या पण सुधारण्याच्या वाटेवर असलेल्या कंपन्या घेतात. ज्या प्रकाराचं नाव योजना लावते, त्याला धरून किमान ८० टक्के मालमत्ता असायला हवी, असा नियम आहे. म्हणजे ‘वगळणारा’ प्रकार सोडला तर क्लायंटला नको असलेली कंपनी त्या योजनेत असू शकते. नावावर जाऊ नका. म्युच्युअल फंड दर महिन्याला संपूर्ण पोर्टफोलिओ जाहीर करतात; ती यादी उघडा आणि क्लायंटच्या शेजारी बसून वाचा.

वर्ज्य म्हणजे नेमकं किती वर्ज्य, हेही तेव्हाच ठरवून घ्यावं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. तिथल्या चळवळीत वावरलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला युनायटेड स्पिरिट्सचा शेअर असलेला निफ्टी नेक्स्ट ५० फंड नको असणार, हे सहज समजतं. पण दारू विकणारी पंचतारांकित हॉटेलं चालतील का? बाटल्या बनवणारा काच कारखाना? आणि आपल्याकडचा सगळ्यात अवघड प्रश्न, डिस्टिलरी चालवणारा साखर कारखाना? तिथलं काही पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला जातं, काही मद्याला. सल्लागाराने इथे न्यायाधीश होऊ नये. कंपनीच्या उत्पन्नातला किती टक्के वाटा त्या धंद्यातून आला तर ती कंपनी बाद, असा एक आकडा क्लायंटकडून घ्या, पाच टक्के म्हणा, दहा म्हणा, आणि लिहून ठेवा. मग प्रत्येक कंपनीवर नव्याने वाद होत नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या जैन कुटुंबांत मांस, चामडं, मद्य हे बहुतेक सगळ्यांना वर्ज्य असतं, पण कीटकनाशकं आणि प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या औषध कंपन्या यांबाबत एकाच घरात दोन मतं निघतात. कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या मुस्लीम क्लायंटची अडचण व्याजाची असते. त्यांच्यासाठी सोयी आहेत: टाटा एथिकल फंड आहे, निफ्टी ५० शरिया निर्देशांकावरचा ईटीएफही आहे. पण हे सुचवताना पुढची गोष्टही सांगायलाच हवी. निफ्टी ५०मध्ये एक तृतीयांशाहून अधिक वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं आहे आणि शरिया निर्देशांकात ते क्षेत्र जवळपास नसतंच. बँकांचे शेअर धावतील त्या वर्षी हा पोर्टफोलिओ मागे राहील. शिवाय मुदत ठेव नको म्हटल्यावर स्थिर उत्पन्नाची बाजू रिकामी पडते, तिथे सोनं, भाड्याची मालमत्ता आणि जास्त रोख शिल्लक यांचा विचार करावा लागतो. नाहीतर धर्म सांभाळताना नकळत सगळी पुंजी शेअरमध्ये जाऊन बसते.

मूल्य पाळण्याची किंमत रुपयांत सांगा, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. समजा महिन्याला २० हजार रुपयांची एसआयपी पंधरा वर्षं चालली. वार्षिक १२ टक्के परतावा धरला तर सुमारे १ कोटी १ लाख रुपये होतात. वगळण्यामुळे किंवा जास्त खर्चाच्या योजनेमुळे तोच परतावा साडेअकरा टक्के झाला तर साधारण ९६ लाख २० हजार. फरक पावणेपाच लाखांच्या आसपास. दोन्ही आकडे गृहीतकं आहेत, उलटही होऊ शकतं, हे सांगून मग विचारा: ‘एवढा फरक पडला तरी चालेल?’ बरेच जण ‘चालेल’ म्हणतात. ‘चालेल’ म्हणालेला क्लायंट तीन वर्षांनी शेजाऱ्याच्या परताव्याशी तुलना करत येत नाही. आणि ज्याला तो फरक परवडत नाही, निवृत्ती पाच वर्षांवर आलेली आहे, निधी अपुरा आहे, त्याला तसं स्पष्ट सांगून नव्या गुंतवणुकीपुरतीच अट लावावी, जुनी मोडू नये. विक्रीवरचा भांडवली लाभ कर आणि एक्झिट लोड यांचा हिशेब न करता ‘स्वच्छ पोर्टफोलिओ’साठी सगळं विकायला लावणं ही क्लायंटची सेवा नव्हे.

मूल्यं म्हणजे काय टाळायचं, एवढंच नसतं. आपल्या भागाला, आपल्या माणसांना पैसा लागावा ही ओढ मराठी माणसात जुनी आहे. माणशी एक पैसा वर्गणी गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि १९०८मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो १९५०चा काळ. आज आयुष्यभराची पुंजी गावच्या पतसंस्थेत ठेवणारे काका याच परंपरेतले आहेत. ‘तिथे ओळखीची माणसं आहेत, गावातल्या पोरांना कर्ज मिळतं’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही आणि ते हसण्यावारी नेऊ नये.

पण त्यांना एक गोष्ट माहीत असायलाच हवी. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, आणि फेब्रुवारी २०२०पासून ते प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. २०१९मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांवर काय वेळ आली ते मुंबईकरांनी पाहिलं, आणि ती तर बँक होती. म्हणून या काकांना ‘पतसंस्थेतून सगळं काढा’ असं सांगू नका. ‘गावाला किती रक्कम द्यायची, जी अडकली तरी तुमच्या औषधपाण्याला धक्का लागणार नाही?’ असं विचारा. दहा टक्के, पंधरा टक्के, जो आकडा येईल तेवढी पतसंस्थेत राहू दे. बाकीची बँका, टपाल खातं, सरकारी रोखे यांत विभागा. पर्यावरणाची आस्था असलेल्या ठेवीदारासाठी काही बँकांच्या हरित ठेवी आहेत. रिझर्व्ह बँकेने त्यांचे नियम १ जून २०२३पासून लागू केले, आणि त्या पैशाचा वापर कुठे झाला हे बँकेला जाहीर करावं लागतं.

नात्यांमधला पैसा हा सल्लागाराच्या एक्सेल शीटमध्ये कधीच नसतो आणि घराघरांत तोच सगळ्यांत मोठा असतो. धाकट्या भावाची फी, भाचीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, आत्याचं दवाखान्याचं बिल. सल्लागार याला ‘गळती’ समजतो. क्लायंटच्या दृष्टीने हेच त्याचं मूल्य असतं: आपण पुढे आलो तर मागच्यांना हात द्यायचा. तेव्हा त्याला हक्काची जागा द्या. वर्षाकाठी एक रक्कम ठरवून वेगळ्या खात्यात ठेवा आणि नातेवाइकांसाठीचा खर्च त्यातूनच करा. दिलेले पैसे परत येतील असं धरू नका. आले तर खात्यात जमा. याचा एक मोठा फायदा होतो, ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. ‘या वर्षीचं संपलं, पुढच्या एप्रिलनंतर बघू’ हे वाक्य ‘मी देणार नाही’पेक्षा कितीतरी कमी बोचतं, आणि निवृत्तिनिधी मोडायची वेळ येत नाही.

वडिलोपार्जित जमिनीचंही असंच. सातबाऱ्यावरचं नाव विकायचं नाही असं ज्याने ठरवलं आहे, त्याच्या निवृत्तीच्या आराखड्यात त्या जमिनीची किंमत धरूच नका. मालमत्तेत ती शून्य दाखवा आणि तिच्यावर होणारा वार्षिक खर्च मात्र धरा. कर्जाबद्दलही वाद घालण्यात अर्थ नाही. साडेआठ टक्क्यांचं गृहकर्ज लवकर फेडण्यापेक्षा तोच पैसा शेअर फंडात टाकला तर दीर्घ मुदतीत जास्त मिळू शकतं, हे एकदा आकड्यांनिशी दाखवा. तरीही ‘डोक्यावर कर्ज असलं की झोप येत नाही’ असं उत्तर आलं, तर आणीबाणीचा निधी आणि विमा आधी नीट करून घ्या आणि मग आनंदाने कर्ज फेडू द्या.

देणगीची बाब थोडक्यात. देण्यासाठी वेगळं खातं आणि महिन्याची आपोआप वळती होणारी रक्कम, एवढं केलं तरी हात आखडत नाही. करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, २ हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे क्लायंटला देण्याआधी माहीत हवं. मूळ रक्कम हातची जाऊ द्यायची नसेल तर एचडीएफसी चॅरिटी फंड फॉर कॅन्सर क्युअरसारखी योजना पाहता येते. ती अधूनमधून ठराविक काळासाठी खुली होते आणि तिच्यावरचं उत्पन्न इंडियन कॅन्सर सोसायटीला जातं. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेल्या सामाजिक संस्थांचे शून्य परताव्याचे रोखेही आता आहेत. ती गुंतवणूक नव्हे, देणगीच आहे, हे मात्र स्वच्छ शब्दांत सांगा.

आणि मृत्युपत्र. ‘आमच्यात मुलगा-मुलगी भेद नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. महाराष्ट्राने १९९४मध्येच कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, देशभर तो २००५मध्ये आला. तरीही फोलिओ उघडून पाहिले तर नॉमिनी मुलगाच असतो, मृत्युपत्र नसतं आणि ‘पुढे तो बहिणीला देईलच’ असा भरवसा असतो. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं होत नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण कागदावर जे नाही त्यासाठी बहिणीला भावाशी भांडावं लागतं, आणि बऱ्याच बहिणी भांडत नाहीत, सोडून देतात. तिच्या वाट्याची समानता आईवडिलांच्या हयातीत मृत्युपत्रात उतरवून घेणं, ही सल्लागाराने करता येण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे.

हे सगळं शेवटी एका पानावर आणा. भाषा क्लायंटची, प्रथमपुरुषी: ‘तंबाखू आणि मद्यातून पाच टक्क्यांहून जास्त उत्पन्न असलेली कंपनी आम्हाला नको. वर्षाला साठ हजार रुपये नातेवाइकांसाठी, चोवीस हजार देणगीसाठी. गावची जमीन विकणार नाही. दोन्ही मुलांना समान वाटा. या अटींमुळे परतावा थोडा कमी आला तर आम्हाला मान्य आहे.’ खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. बाजार कोसळला की हे पान समोर ठेवता येतं. नव्या योजनेचा मोह झाला की ती या पानात बसते का, ते पाहता येतं. दरवर्षी एकदा ते पुन्हा वाचा. मूल झालं, आईवडील गेले, नोकरी सुटली की ओळी बदलतात, बदलू द्या.

सल्लागाराने स्वतःबद्दलही दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, तुमची तत्त्वं त्यांच्या पानावर उतरवू नका. तुम्ही शाकाहारी असाल, एखाद्या पक्षाचे असाल, सोन्याचे विरोधक असाल. क्लायंटने विचारलं तर सांगा, त्याच्या पैशावर लादू नका. दुसरी, मूल्यांचा विषय निघाला की माणूस मनाने उघडा होतो आणि त्या क्षणी काहीही विकता येतं. तुम्ही वितरक असाल तर सुचवलेल्या योजनेवर तुम्हाला किती कमिशन मिळतं आणि तिचा डायरेक्ट प्लॅनही असतो, हे त्याच बैठकीत बोला. फी घेणारे सल्लागार असाल तर त्याच कुटुंबाला वितरक म्हणून काही विकायला २०२०च्या सुधारित नियमांनी मनाई आहे, ती मनापासून पाळा. आणि नवरा-बायकोच्या चिठ्ठ्या जुळल्याच नाहीत, एकाला कर्ज फेडायचं आहे आणि दुसरीला व्यवसाय सुरू करायचा आहे, तर त्या दिवशी कोणत्याही अर्जावर सही घेऊ नका. चिठ्ठ्या त्यांच्याकडेच द्या, महिनाभर घरी बोलू द्या आणि मग पुढची तारीख ठरवा.